चहा, कॉफी, खारी आणि अंगातलं रक्त



आरोग्याचं पान उघडलं की हे खाऊ नका, ते पिऊ नका, असंच वाचायला मिळतं. यावेळी तसं नाही. यावेळचा विषय आहे घरात भाजलेली नानकटाई, जायफळ घातलेली कॉफी आणि दुपारचा चहा. चांगलंचुंगलं करून खाणं, चार जणांत बसून खाणं, हा आनंद आहे आणि तो आपल्या घरातही हवा. फक्त त्याची वेळ चुकली की बाईच्या अंगातलं रक्त कमी होत जातं. मंचर परिसरातल्या वस्त्यांवर आरोग्याच्या बैठका घेताना आम्ही हे पुन्हा पुन्हा पाहतो. म्हणून हा पाठ.

कपाची किंमत आपल्याला ठाऊक आहे

चहाचा कप ही आपल्या समाजात कधीच साधी गोष्ट नव्हती. गावातल्या हॉटेलात आपल्या माणसांचे कप वेगळे असत. बाहेर बसायचं, वरून ओतलेला चहा घ्यायचा आणि आपला कप आपणच विसळून ठेवायचा. आपल्या आजी-आजोबांपैकी अनेकांनी हे सोसलं आहे.

कोल्हापूरची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठी मदत केली आणि कांबळे यांनी ‘सत्यसुधारक’ नावाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असा तो काळ. महाराज स्वतः लवाजम्यासह त्या हॉटेलवर थांबायचे, चहा मागवायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. पुढे बाबासाहेबांच्या राज्यघटनेत १५ व्या कलमाने दुकानं आणि उपाहारगृहं सर्वांना खुली झाली आणि १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. म्हणून चहा-कॉफीला नाकं मुरडणं आमच्याच्याने होणार नाही. हा कप लढून मिळालेला आहे.

पण हक्काने मिळालेली वस्तू आपल्या कामी यायला हवी. आज आपल्या वस्तीत हा कप कुठल्या वेळेला आणि कशाच्या बदल्यात प्यायला जातो, ते जरा पाहू.

मंचरची सकाळ

मंचर ही बटाट्याची मोठी बाजारपेठ. सातगाव पठारावरचा बटाटा इथे येतो. पलीकडे नारायणगावला टोमॅटोचा बाजार. कांदा, कोथिंबीर, मेथी यांचीही शेतं चहूकडे. या पिकांच्या लागवडीला, खुरपणीला, काढणीला आणि तोडणीला आपल्या वस्तीतल्या बाया जातात. टेम्पो सकाळी लवकर येतो. भाकरी थापून डब्यात बांधायची, पोरांचं आवरायचं आणि निघायचं. बाईच्या पोटात काय जातं? कपभर गोड चहा आणि त्यात बुडवलेली दोन खारी, नाहीतर बटर, नाहीतर टोस्ट. दुपारी बांधावर बसून भाकरी आणि कोरड्यास. भाकरी संपते न संपते तोच शेतमालकाकडून किटलीतला चहा येतो. रात्री सगळ्यांचं जेवण झाल्यावर जे उरेल ते, आणि झोप उडवायला किंवा भूक मारायला पुन्हा घोटभर चहा.

लहान मुलांचंही तेच. आंबेगाव-जुन्नर हा दुधाचा पट्टा. सकाळ-संध्याकाळ डेअरीच्या गाड्या दूध भरून जातात. पण वस्तीतल्या दोन वर्षांच्या पोराच्या वाटीत मात्र चहात भिजवलेलं बिस्कीट असतं.

या सगळ्याचा हिशेब रक्ताच्या तपासणीत दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या बायांपैकी ५७ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याच्या वर आहे. म्हणजे दोन बाया शेजारी बसल्या असतील तर त्यातली एक तरी रक्ताने कमी आहे, असं धरून चाला.

रक्त कमी म्हणजे नेमकं काय

रक्तात हिमोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ असतो. श्वासातून घेतलेला प्राणवायू अंगभर पोचवणं हे त्याचं काम. तो तयार व्हायला लोह लागतं. लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन कमी होतं आणि तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त पळावं लागतं.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, गरोदर बाईचं ११ च्या वर आणि पुरुषाचं १३ च्या वर. गरोदरपणी ते ७ च्या खाली गेलं तर बाईच्या जिवाला धोका असतो, कारण बाळंतपणात होणारा थोडा रक्तस्रावही तिला सोसत नाही. बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्माला येऊ शकतं.

ओळखायचं कसं? खालची पापणी ओढून पाहा, आतून लालसर दिसायला हवी. ती पांढुरकी असेल, नखं फिकट असतील, हंडा घेऊन चार पायऱ्या चढल्यावर धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, माती किंवा खडू खावासा वाटत असेल, तर तपासणी करून घ्या. ‘कामाचा शीण आहे, बायांना असतंच असं’ म्हणून बसू नका. शिणाचं कारण पुष्कळदा रक्तात असतं.

चहा मध्ये येतो तो असा

बाजरी, डाळी, पालेभाज्या यांत लोह असतं, पण ते शरीरात सहज शोषलं जात नाही. चहा-कॉफीत तुरट पदार्थ असतात. चहा फार उकळला की जिभेला जो तुरटपणा जाणवतो, तो त्यांचाच. हे पदार्थ पोटात गेल्यावर अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात. मग ते लोह आतड्यातून रक्तात न जाता शौचावाटे निघून जातं.

१९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे मोजलं गेलं. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातल्या लोहाचं शोषण साठ टक्क्यांहून अधिक घटलं. कॉफीने ते सुमारे चाळीस टक्क्यांनी घटलं. जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीनेही शोषण कमी झालं. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने मात्र काही नुकसान झालं नाही.

याचा अर्थ असा, की बांधावर बसून खाल्लेल्या बाजरीच्या भाकरीतलं बरंचसं लोह वरून आलेल्या चहामुळे वाया जातं. भाकरी कष्टाची, पीठ विकतचं आणि फायदा निम्माही नाही. चहा सोडायची गरज नाही, त्याची जागा बदलायची आहे.

चहा-कॉफीचं वेळापत्रक

१. सकाळी उठल्यावर चहा घ्या, पण त्यानंतर तासाभराने भाकरी-भाजी, थालीपीठ किंवा डाळ घातलेली खिचडी असा पोटभर नाश्ता व्हायला हवा. टेम्पोची घाई असेल तर चहा उठल्याबरोबर घ्या आणि भाकरीचा घास निघता निघता. चहा आधी आणि भाकरी नंतर.

२. जेवताना आणि जेवणानंतर दीड-दोन तास चहा-कॉफी नको. शेतावरचा चहा जेवणानंतर येत असेल तर सगळ्या बायांनी मिळून तो उशिरा, चारच्या सुमारास मागावा. एकटीने मागितलं तर ऐकलं जात नाही, दहा जणींनी मागितलं तर ऐकलं जातं.

३. जेवणात आंबट काहीतरी हवं. लिंबाची फोड, आवळा, कच्चा टोमॅटो, पेरू, कोथिंबीर. यातलं सी जीवनसत्त्व लोहाचं शोषण वाढवतं. लिंबू भाजी खाली उतरवल्यावर पिळावं, कारण उकळल्यावर हे जीवनसत्त्व नष्ट होतं.

४. लोहाची गोळी चहा, कॉफी किंवा दुधाबरोबर कधीही घेऊ नका. साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमच्या गोळीत आणि लोहाच्या गोळीत किमान दोन तासांचं अंतर ठेवा.

५. गरोदर बाईने चहा-कॉफी कमीच ठेवावी. दिवसाला एक कप कॉफी किंवा दोन कप चहा, त्यापुढे नको. कॅफिन वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि गरोदरपणी ते आईच्या अंगातूनही हळू बाहेर पडतं.

६. लहान मुलांना चहा-कॉफी अजिबात नको. अर्धा कप चहानेसुद्धा त्यांची भूक मरते.

साखरेचाही हिशेब करा. एका कपात दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप म्हणजे आठ चमचे, सुमारे ३२ ग्रॅम. महिन्याला एका माणसामागे जवळजवळ एक किलो साखर फक्त चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवलेली बरी. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा साखर कमी करत गेलात तर जिभेला कळतही नाही.

खारी, बटर आणि टोस्ट

सायकलवरून खारी-बटरवाला आला की पोरं धावतात. आम्हालाही खारीचे पदर आवडतात. पण ती जेवणाच्या जागी बसली की घात होतो. खारी, बटर आणि टोस्ट बहुतेक मैद्याचे असतात. गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला की मैदा उरतो. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असतं, तेवढ्याच मैद्यात २ मिलिग्रॅमहून कमी.

दुसरा प्रश्न तुपाचा. स्वस्त बेकरी मालात वनस्पती तूप घालतात, आपण त्याला डालडा म्हणतो. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट करतात. ती अर्धवट झाली तर ट्रान्स फॅट नावाची घातक चरबी तयार होते, आणि ती हृदयविकाराला हातभार लावते. आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. पण सुट्या मालावर वेष्टन नसतं, त्यामुळे त्यात कोणतं तूप आहे हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. कधीतरी हौसेने खारी खाल्ली म्हणून काही बिघडत नाही. रोज सकाळी भाकरीच्या जागी खारी खाल्ली की बिघडतं.

भट्टी नसली तरी नानकटाई होते

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घरून पीठ, साखर आणि तूप घेऊन बेकरीत जायचं आणि ट्रे भरून नानकटाई भाजून आणायची, ही आपल्याकडची जुनी रीत. रांगेत डबे लागायचे आणि भाजल्याचा वास गल्लीभर पसरायचा. आता तीच गोष्ट घरच्या गॅसवर करू. महागडी ओव्हन लागत नाही, जाड बुडाची जुनी कढई पुरते.

साहित्य : गव्हाचं पीठ १ वाटी, नाचणीचं पीठ अर्धी वाटी, बेसन २ मोठे चमचे, घट्ट तूप अर्धी वाटी, बारीक किसलेला किंवा पावडरचा गूळ अर्धी वाटी, वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ आणि पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा. वरून लावायला तीळ.

पहिल्यांदा नाचणीचं पीठ आणि बेसन मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत कोरडंच भाजून घ्या आणि पूर्ण गार होऊ द्या. ही पायरी गाळू नका. नाहीतर नानकटाईला कच्चट वास येतो. परातीत तूप आणि गूळ तळहाताने फेसा. पाच-सात मिनिटांत ते हलकं आणि फिकट होतं. हे काम पोरांना द्या, त्यांना मजा येते. मग सगळी पिठं, मीठ, सोडा आणि वेलदोडा एकत्र चाळून त्यात घाला. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. गोळा फुटत असेल तर चमचाभर तूप आणखी घाला. पाणी घालू नका. लिंबाएवढे गोळे करा, किंचित चपटे करा आणि वर तीळ दाबा. एवढ्यात पंधरा-सोळा होतात.

कढईत बोटाच्या एका पेराएवढा जाड मिठाचा थर द्या. त्यावर स्टीलचं रिंगण किंवा पालथी वाटी ठेवा, वर घट्ट झाकण ठेवा आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. तूप लावलेल्या ताटलीत गोळे अंतर राखून मांडा, कारण ते पसरतात. ताटली रिंगणावर ठेवा, झाकण लावा आणि आच अगदी मंद करा. वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. सारखं झाकण उघडू नका.

नाचणीमुळे रंग आधीच गडद असतो, तेव्हा रंगावरून भाजलंय की नाही ते कळत नाही. एक नानकटाई उलटून पाहा. तळ कोरडा दिसला आणि खमंग वास सुटला की उतरवा. गरम असताना ती मऊ लागते, म्हणून कच्ची राहिली असं वाटतं. दहा मिनिटं तशीच राहू द्या, गार झाल्यावर खुसखुशीत होते. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर चांगली राहते. कढईतलं मीठ गाळून ठेवा, पुढच्या भाजण्याला तेच वापरता येतं, फक्त स्वयंपाकात घालू नका. कढईऐवजी कुकर वापरायचा असेल तर शिटी आणि रबर दोन्ही काढून ठेवा.

नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. वाढत्या मुलांच्या आणि चाळिशी ओलांडलेल्या बायांच्या हाडांना ते हवंच. तरीही ही नानकटाई आहे, औषध नाही. तिच्यात तूप आणि गूळ आहे, म्हणून एका वेळी एक-दोन पुरे. आणि गुळाबद्दल एक गैरसमज दूर करू. गुळात थोडं लोह असतं हे खरं, पण शरीराच्या दृष्टीने तो साखरेचाच भाऊ. मधुमेह असणाऱ्याने ‘गुळाचं आहे’ म्हणून जास्त खाऊ नये.

चांगली कॉफी घरी

कॉफी म्हणजे बड्या लोकांचं पेय, असा एक समज आहे. या पेयाचा इतिहास वेगळंही सांगतो. कॉफी बोर्डाची कॉफी हाउसं बंद होऊ लागली तेव्हा कामावरून काढलेल्या कामगारांनी १९५७ मध्ये आपल्या सहकारी सोसायट्या उभ्या केल्या आणि ‘इंडियन कॉफी हाउस’ स्वतः चालवायला घेतलं. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन त्यांच्या पाठीशी उभे होते. वेटर आणि स्वयंपाकीच मालक झाले. देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकात पिकते, पण आपल्या महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीचे मळे आहेत.

विकत घेताना पुडक्यावरचं वाचा. स्वस्त कॉफीत चिकोरीच्या भाजलेल्या मुळांची पूड मिसळलेली असते. तिने रंग आणि कडूपणा येतो. चिकोरीत कॅफिन नसतं आणि ती मिसळणं बेकायदा नाही. पण मिश्रणात कॉफी निम्म्याहून जास्त असावी असा नियम आहे आणि प्रमाण वेष्टनावर छापलेलं असतं. कशाचे पैसे देतोय हे आपल्याला कळलं पाहिजे.

करायची पद्धत सोपी आहे. माणशी एक शिगेचा चमचा फिल्टर कॉफीची पूड स्टीलच्या भांड्यात घ्या. पाणी उकळून खाली उतरवा, अर्धा मिनिट थांबा आणि माणशी अर्धा कप पाणी पुडीवर ओता. झाकण ठेवा. चार मिनिटांनी स्वच्छ सुती फडक्यातून गाळा. पूड पाण्यात घालून खळाखळा उकळू नका, त्याने कडवट होते. वेगळ्या भांड्यात अर्धा कप दूध तापवा आणि कॉफीत ओता. वर जायफळ एकदा-दोनदाच किसा. जायफळ घातलेली कॉफी ही आपली महाराष्ट्राची खास चव. जायफळ जास्त झालं तर गुंगी येते, म्हणून हात आखडता ठेवा. ही कॉफी दुपारी चारला प्या. संध्याकाळनंतर नको, कारण कॉफी पिऊन पाच-सहा तास झाले तरी तिचा निम्मा परिणाम अंगात असतो आणि रात्रीची झोप उडते.

रक्त वाढवणारं खाणं आपल्याच घरात होतं

लोहासाठी महागडी पावडर विकत घेऊ नका. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, हरभऱ्याची भाजी, माठ, शेपू, तीळ, हळीव हे सगळं आठवडे बाजारात मिळतं. कडधान्याला मोड आणले की लोह अडवणारे पदार्थ कमी होतात. भाजी लोखंडी कढईत केली की थोडं लोह कढईतूनही मिळतं.

मटण, कलेजी, सुकट आणि बोंबील यांबद्दल तर कुणी लाज बाळगण्याचं कारणच नाही. मांस-मासळीतलं लोह भाजीपेक्षा सहज शोषलं जातं, आणि बरोबरच्या भाकरीतलं लोहही ते शोषून घ्यायला मदत करतं. आपल्या समाजाच्या खाण्याला हिणवलं गेलं. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या स्वयंपाकाची नोंद करून ठेवली आहे. रक्ती, वजडी, चान्या हे नाइलाजाचं खाणं होतं, पण त्यात बाळंतिणीच्या अंगात रक्त भरणारे पदार्थही होते. एवढी खबरदारी मात्र घ्या, की गरोदर बाईने कलेजी खाऊ नये. तिच्यात ए जीवनसत्त्व फार असतं आणि ते बाळाला बाधू शकतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. घरात सगळं शिजतं, पण ते शिजवणारी शेवटी जेवते. रस्सा उरतो, फोड उरत नाही. आपल्या शेजारी जुन्नरला शिवनेरीच्या लेण्यांमध्ये एक शिलालेख आहे. चिट नावाच्या एका यवनाने संघाला भोजनमंडप दान दिल्याची नोंद त्यात आहे. दोन हजार वर्षांमागे परदेशी मुळाच्या एका माणसाला वाटलं की भिक्खूंना एकत्र बसून जेवायला जागा हवी. आपल्या घरात वेगळा मंडप नसेल, पण एक पंगत होऊ शकते. घरातल्या पुरुषांना आमचं सांगणं आहे, ताट वाढताना पहिल्यांदा गरोदर बाई, दूध पाजणारी आई आणि वयात आलेली मुलगी यांचं वाढा. नानकटाईचं पीठ मळायला आणि कॉफी गाळायलाही तुमचे हात चालतात.

बैठकीत विचारले जाणारे प्रश्न

*लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, मळमळतं. सोडून देऊ का?*
नको. शौच काळी होणं साहजिक आहे, घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवण झाल्यावर थोड्या वेळाने घ्या. गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस गोळी घ्यायची असते. आशाताईंकडे ती मोफत मिळते.

*नुसतं चांगलं खाऊन रक्त भरेल का?*
थोडं कमी असेल तर खाण्याने आणि गोळीने भरतं. फार कमी असेल तर खाण्यावर विसंबू नका. गरोदर बाईला धाप लागत असेल, पायांवर सूज असेल किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर त्याच दिवशी मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. शिरेतून लोह किंवा रक्त द्यावं लागतं.

*सगळं खाऊन, गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही.*
मग कारण दुसरं शोधा. पाळीत फार रक्त जात असेल, मूळव्याध असेल किंवा पोटात जंत असतील. काही कुटुंबांत सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असतो. मूळचे विदर्भातले असाल, किंवा घरात कुणाला सिकलसेल असेल, तर आधी त्याची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना सांगूनच लोह सुरू करा.

*काळा चहा चालतो का? ग्रीन टी?*
लोह अडवणारे पदार्थ दोन्हींत आहेत. वेळेचा नियम त्यांनाही लागू.

या महिन्याचा अभ्यास

चार गोष्टी करून पाहा. एक, घरातल्या प्रत्येक बाईचं आणि दहा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि आकडा तारखेसह वहीत लिहा. दोन, महिनाभर जेवणानंतरचा चहा चारच्या चहावर न्या. तीन, रोजच्या जेवणात लिंबू किंवा आवळा ठेवा. चार, एका रविवारी विहारात किंवा समाजमंदिरात पाच-सहा घरांनी मिळून कढईवर नानकटाई भाजा आणि चारच्या कॉफीला एकत्र बसा. त्याच बैठकीत वह्या उघडा, कुणाचं रक्त किती ते एकमेकींना सांगा आणि ज्यांचं कमी आहे त्यांच्याबरोबर दवाखान्यात कोण जाणार ते ठरवा.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहा. आकडा वाढला असेल तर शेजारणीलाही हा पाठ वाचून दाखवा.

जय भीम! नमो बुद्धाय!